वालाच्या गाठी आणि 'बॉम्बे' रक्तगट

कोलाडच्या आसपास भात कापून झाले की त्याच ओलीवर वाल पेरतात. डिसेंबर-जानेवारीत शेंगा धरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटीचा बेत होतो. पोपटीला वाल लागतो तो शेंगांसाठी. पण एखादे रोप मुळासकट हलक्या हाताने उपटून, मुळे पाण्यात बुडवून पाहावे. मुळांवर मोहरीच्या किंवा ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. त्यांत हवेतील नायट्रोजन स्थिर करणारे जीवाणू राहतात हे आपण आठवी-नववीच्या वर्गात शिकवतोच. या गाठींचा आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५२ साली सापडलेल्या एका विलक्षण रक्तगटाचा संबंध आहे, असे कोणी सांगितले तर विद्यार्थी हसतील. पण तो आहे. तो कसा जुळला हे समजायला आधी कोलाडहून शे-सव्वाशे किलोमीटरवरच्या परळला जायला हवे.

रक्तगट ओळखण्याची रीत शिक्षकांना माहीतच आहे. 'ए' आणि 'बी' या प्रतिजनांविरुद्धची प्रतिपिंडे असलेले दोन द्रव घ्यायचे, प्रत्येकात रक्ताचा थेंब मिसळायचा आणि गुठळी कुठे होते ते पाहायचे. दोन्हीकडे झाली नाही तर गट 'ओ'. कार्ल लँडस्टायनरने १९०१ साली ही पद्धत मांडली. तेव्हापासून 'ओ' हा काहीच नसलेला गट, म्हणून त्याचे रक्त कोणालाही चालते, असा समज रुजला. आपल्या पाठ्यपुस्तकांतला 'सार्वत्रिक दाता' हा शब्द त्यातूनच आला.

या समजाला के. ई. एम. मध्ये तडा गेला. डॉ. य. म. भेंडे, डॉ. चि. का. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांना तीन माणसे अशी आढळली की त्यांच्या तांबड्या पेशी नेहमीच्या तपासणीत 'ओ' सारख्या वागत होत्या. पण त्यांच्या रक्तद्रवात 'ओ' गटाच्या दात्याचे रक्त मिसळले तरी गुठळ्या होत. 'ए' चालेना, 'बी' चालेना, 'एबी' चालेना आणि 'ओ' देखील चालेना. या तिघांचे रक्त एकमेकांना मात्र चालत होते. नमुने लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटकडे गेले. तिथे रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर हे रक्तगटांचे, तर वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स हे त्यांच्या रसायनाचे जाणकार होते. या सातजणांच्या नावाने 'लॅन्सेट' मध्ये १९५२ साली एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. ते दीडेक पानांचे होते, पण त्याने 'ओ' म्हणजे शून्य हे समीकरण मोडले. 'ओ' गटाच्या पेशींवरही काहीतरी असते. ते आपल्या सर्वांच्या पेशींवर असते, म्हणून त्याविरुद्ध प्रतिपिंडे आपण तयार करत नाही. या तिघांच्या पेशींवर तेच नव्हते. त्या 'काहीतरी'ला 'एच' प्रतिजन म्हणतात.

हा 'एच' रासायनिकदृष्ट्या काय, याचा धागा त्याच वर्षी हाती आला, आणि तोही एका माशाच्या रक्तातून! ईल हा सापासारखा लांब मासा. त्याच्या रक्तद्रवामुळे 'ओ' गटाच्या पेशींच्या गुठळ्या होतात. मॉर्गन आणि वॉटकिन्स यांनी त्यात निरनिराळ्या साध्या शर्करा मिसळून पाहिल्या. फ्युकोज नावाची शर्करा मिसळली की गुठळ्या होणे थांबे. अर्थ सरळ होता. ईलच्या रक्तातले प्रथिन पेशीवरच्या फ्युकोजला पकडते. बाहेरून फ्युकोज दिले की त्याची पकड तिथेच गुंतून पडते आणि पेशी मोकळ्या राहतात. म्हणजे 'एच' ची खूण म्हणजे पेशीवरच्या शर्करांच्या साखळीच्या टोकाला लावलेले फ्युकोज. फ्युकस नावाच्या समुद्री शेवाळात ही शर्करा मुबलक असते, नाव त्यावरून पडले.

पुढची कडी अमेरिकेत जुळली. फिलिप लेव्हिन आणि त्यांचे सहकारी यांना १९५५ साली एक घराणे सापडले. त्यातील एका स्त्रीच्या पेशींवर 'बी' दिसत नव्हता, पण तिच्या पुढच्या पिढीत 'बी' उतरला होता. जे जनुक आईत दिसत नाही ते मुलाला कुठून मिळाले? लेव्हिन यांनी मुंबईच्या टिपणाशी हे जोडले आणि या प्रकाराला 'बॉम्बे' हे नाव दिले. शहराचे नाव पुढे बदलले, रक्तगटाचे राहिले. त्या स्त्रीत 'बी' चे जनुक होते, पण त्याला काम करायला पायाच नव्हता. वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी १९५९ मध्ये ही सर्व साखळी मांडली. आधी साखळीच्या टोकाच्या गॅलॅक्टोजवर फ्युकोज लागते, हा 'एच'. मग त्यावर 'ए' चे विकर एक शर्करा लावते किंवा 'बी' चे विकर दुसरी. 'ओ' असलेल्या माणसात हे पुढचे विकर निकामी असते, म्हणून 'एच' उघडा राहतो. 'बॉम्बे' माणसात पहिलीच वीट नाही, मग भिंत कशी उभी राहणार?

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. आनुवंशिकता शिकवताना मुलांना आपापल्या आईवडिलांचे रक्तगट आणायला सांगून वर्गात फळ्यावर जुळवण्याची आपल्याला हौस असते. लेव्हिन यांच्या या उदाहरणासारखा प्रसंग एखाद्याच्या घरी निघाला तर नको ती कुजबुज सुरू होते. काल्पनिक घराण्यांवर ही गणिते घ्यावीत.

आता विकरांकडे वळू. विकराला साखळीवर शर्करा लावायची असते, पण मोकळी शर्करा त्याच्या कामाची नसते. ही गोष्ट अर्जेंटिनातील लुई लेलुआर यांनी दाखवली. १९५० च्या सुमारास त्यांना आढळले की पेशीत शर्करा एका न्यूक्लिओटाइडच्या पाठीवर बसून प्रवास करते. या शोधासाठी त्यांना १९७० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. न्यूक्लिओसाइड म्हणजे डीएनए-आरएनए मधील एखादा आधारक आणि त्याला जोडलेली पाच कार्बनची शर्करा. ग्वानिन आणि रायबोज मिळून ग्वानोसिन हे न्यूक्लिओसाइड होते. त्याला दोन फॉस्फेट जोडले की जीडीपी, आणि जीडीपीच्या टोकाला फ्युकोज अडकवले की जीडीपी-फ्युकोज. हीच 'एच' बनवणाऱ्या विकराची सामग्री. 'ए' आणि 'बी' ची विकरे युरिडिन या दुसऱ्या न्यूक्लिओसाइडच्या पाठीवरून आलेल्या शर्करा घेतात. ज्या न्यूक्लिओसाइडांना आपण फक्त आनुवंशिकतेची अक्षरे म्हणून ओळखतो ती पेशीत हमालीही करतात. विकराने शर्करा उतरवून घेतली की उरलेला जीडीपी पुन्हा वापरात येतो.

म्हणजे फ्युकोज लावणाऱ्या प्रत्येक विकराला दोन कामे असतात. जीडीपी-फ्युकोज धरायचे, आणि ते कुठे लावायचे ती जागा ओळखायची. दुसरे काम विकरागणिक वेगळे. पहिले सर्वांचे एकच. कोकणात घरोघरच्या कोयत्यांची पाती वेगळी असतात. लाकूडतोडीचा कोयता जाड, नारळाचा वेगळा, भाजीचा लहान. पण मुठीत बसणारा पात्याचा बुंधा साधारण सारखाच सापडतो, कारण तो हाताच्या मापाने घडवलेला असतो. विकरांतही असा 'बुंधा' असेल तर तो त्यांच्या अमिनो आम्लांच्या क्रमात दिसायला हवा.

हे पाहण्यासाठी क्रम हाती यावे लागले. ते १९९० साली आले. फुमिइचिरो यामामोतो आणि सहकाऱ्यांनी 'ए' आणि 'बी' चे जनुक वाचले. दोन्ही विकरांत फक्त चार अमिनो आम्लांचा फरक निघाला. 'ओ' मध्ये सुरुवातीच्या भागातले एकच अक्षर गळलेले होते आणि त्यापुढचे वाचनच बिघडले होते. त्याच वर्षी अमेरिकेत जॉन लो यांच्या प्रयोगशाळेने 'एच' च्या विकराचे जनुक वाचले. त्याला एफयूटी-१ म्हणतात. या विकरात ३६५ अमिनो आम्ले आहेत. त्याचे जुळे भावंड एफयूटी-२ लाळेत आणि आतड्याच्या अस्तरात हेच काम करते. ते १९९५ मध्ये वाचले गेले.

मग फ्रान्समधील ब्रेतों, ओरिओल आणि इंबर्टी यांनी १९९८ साली निरनिराळ्या जीवांतील फ्युकोज लावणाऱ्या विकरांचे क्रम एकाखाली एक मांडले. हे काम दिसायला सोपे, पण चिकाटीचे. बराचसा भाग जुळत नाही. पण एका ठिकाणी सहा अमिनो आम्लांचा तुकडा डोळ्यांत भरतो. माणसातील तीन विकरांत तो असा आहे :

एफयूटी-१ : हिस्टिडिन – व्हॅलिन – आर्जिनिन – आर्जिनिन – ग्लायसिन – अ‍ॅस्पार्टिक आम्ल
एफयूटी-२ : हिस्टिडिन – व्हॅलिन – आर्जिनिन – आर्जिनिन – ग्लायसिन – अ‍ॅस्पार्टिक आम्ल
एफयूटी-८ : हिस्टिडिन – व्हॅलिन – आर्जिनिन – आर्जिनिन – थ्रिओनिन – अ‍ॅस्पार्टिक आम्ल

पहिली दोन भावंडे आहेत, त्यांचे साम्य समजू शकते. एफयूटी-८ मात्र दूरचे नातेवाईक. त्याचा रक्तगटाशी काही संबंध नाही. ते प्रथिनांवरच्या शर्करांच्या साखळीत अगदी मुळाशी, वेगळ्या जागी, वेगळ्या बंधाने फ्युकोज लावते. बाकीचा क्रम एवढा वेगळा असताना हा तुकडा का टिकला? ओसाका येथील नाओयुकी तानिगुची यांच्या गटाने २००० साली एफयूटी-८ मधील यातला पहिला आर्जिनिन बदलून पाहिला. विकराचे काम पूर्ण थांबले. आर्जिनिनवर धन भार असतो, फॉस्फेटवर ऋण. जीडीपीच्या फॉस्फेटांना धरून ठेवणारा चिमटा तो हाच. तोच कोयत्याचा बुंधा.

आणि आता वालाच्या गाठी. जीवाणूने मुळाला हाक घालायची असते ती शर्करांच्याच एका छोट्या रेणूने. त्या रेणूवर काही जीवाणू फ्युकोज लावतात, आणि ते लावणाऱ्या विकराचे नाव नॉड-झेड. यातल्या एका प्रसिद्ध जीवाणूचे नाव एनजीआर-२३४. ट्रिनिक या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात तो पापुआ न्यू गिनीमध्ये वालाच्याच मुळांवरील गाठींतून वेगळा केला. 'एनजी' ही अक्षरे न्यू गिनीचीच. शंभराहून जास्त प्रजातींच्या वनस्पतींवर तो गाठी तयार करतो. त्याचे नॉड-झेड जीडीपी-फ्युकोज वापरते हे १९९७ साली सिद्ध झाले. फ्रेंच शास्त्रज्ञांनी मांडलेल्या तक्त्यात नॉड-झेड देखील माणसाच्या विकरांखाली जुळून बसले. त्याच्या तुकड्यात दुसऱ्या आर्जिनिनच्या जागी हिस्टिडिन आहे, पण पहिला आर्जिनिन जिथल्या तिथे. तो बदलला तर नॉड-झेडही काम करत नाही. जीवाणू आणि माणूस यांचे मार्ग अब्जावधी वर्षांपूर्वी वेगळे झाले. मधल्या काळात या जागेवर उत्परिवर्तने झाली नसतील असे नाही. होत राहिलीच असतील, पण ती टिकली नाहीत. म्हणून टिकून राहिलेला तुकडा म्हणजे फसलेल्या प्रयोगांची नोंदवही असे मला वाटते. त्यात जे लिहिलेले नाही तेच जास्त बोलते.

मग 'बॉम्बे' माणसांत हाच तुकडा बिघडलेला असतो का? अनेकांचा पहिला तर्क असाच असतो, माझाही होता. तो चुकीचा निघाला. जपानी संशोधक कोदा आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये भारतीय 'बॉम्बे' व्यक्तींची जनुके वाचली. एफयूटी-१ च्या जनुकात ७२५ वे अक्षर टी च्या ऐवजी जी झाले होते. वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे. तीन अक्षरांना एक अमिनो आम्ल. २४१ गुणिले ३ म्हणजे ७२३. म्हणून ७२५ वे अक्षर हे २४२ व्या अमिनो आम्लाच्या संकेतातले मधले अक्षर. सीटी ने सुरू होणारा संकेत सीजी चा झाला की ल्युसिनऐवजी आर्जिनिन येतो. आपला सहाचा तुकडा २१८ पासून २२३ पर्यंत आहे, म्हणजे हा बदल त्याच्या १९ घरे पुढे. पण ही जागाही साधी नाही. एफयूटी-१ मध्ये तिथे टायरोसिन – ल्युसिन – आर्जिनिन – ग्लुटामिन – अ‍ॅलानिन असा क्रम आहे, एफयूटी-२ मध्ये टायरोसिन – ल्युसिन – ग्लुटामिन – ग्लुटामिन – अ‍ॅलानिन. मधले घर दोघांत वेगळे, त्याला एवढे महत्त्व नसावे. ल्युसिन दोघांतही आहे. ल्युसिन तेलकट, पाण्यापासून दूर राहणारे, आर्जिनिन भारित आणि पाण्याकडे ओढ असलेले. असली अदलाबदल झाल्यावर विकराचे काम बंद पडले.

त्याच व्यक्तींत एफयूटी-२ चे जनुक चक्क गळून पडलेले होते. दोन्ही जनुके १९ व्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे दोन्ही दोष एकत्र वारशाने येतात. भारतातील 'बॉम्बे' व्यक्तींत ही जोडी वारंवार तशीच आढळते, यावरून ती एका समान पूर्वजाकडून आली असावी. युरोपीय वंशाच्या एका 'बॉम्बे' व्यक्तीत मात्र १९९४ साली निराळाच दोष सापडला होता. तिथे ३१६ व्या टायरोसिनच्या जागी वाक्यच संपते.

आपल्याकडे हा गट किती? भाटिया आणि साठे यांनी १९७४ साली मुंबईसाठी ७६०० त एक असे प्रमाण दिले. १९८८ पर्यंत देशभर नोंदलेल्या १७९ व्यक्तींपैकी ११२ महाराष्ट्रातील होत्या. शोध मुंबईत लागला, तपासणारी संस्था मुंबईत, म्हणून इकडची नोंद जास्त, हे ध्यानात घ्यायलाच हवे. तरी कोकणात, विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे, हा गट जास्त आढळतो हे मुंबईतील अभ्यासक सांगत आले आहेत. दोन्ही पालकांकडून दोष यावा लागतो, त्यामुळे नात्यातील विवाहांतून जन्मलेल्यांत त्याचे प्रमाण जास्त.

ही माणसे आजारी असतात का? मुळीच नाही. इथे एक कोडे उभे राहते. 'एच' नसल्याने काही बिघडत नाही, तर मग तो तुकडा एवढा जपला का गेला? कारण तो तुकडा एकट्या 'एच' साठी नाही. उंदरांमध्ये एफयूटी-८ काढून टाकल्यावर सुमारे सत्तर टक्के पिल्ले जन्मानंतर तीन दिवसांत मेली, असे २००५ मध्ये तानिगुचींच्याच गटाने दाखवले. याहून बोलके उदाहरण १९९२ चे आहे. इस्रायलमधील एत्झिओनी यांनी दोन मुले वर्णिली. रक्तगट 'बॉम्बे', पण जोडीला वारंवार होणारे जंतुसंसर्ग, खुंटलेली वाढ आणि मतिमंदत्व. त्यांच्यात एफयूटी-१ चा दोष नव्हता. जीडीपी-फ्युकोज पेशीतल्या ज्या कप्प्यात पोचायला हवे तिथे त्याला नेणारे वाहक प्रथिन बिघडलेले होते, हे २००१ मध्ये कळले. एक गिऱ्हाईक बंद झाले तर बाजार चालतो, मालाची गाडीच आली नाही तर सगळी दुकाने बसतात. अशाच एका मुलाला १९९९ साली फ्युकोज तोंडावाटे दिल्यावर संसर्ग कमी झाले.

लाळेत आणि आतड्यात 'एच' नसण्याचा उलट थोडा फायदाच आहे. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस आतड्यातल्या 'एच' ला धरून शिरतो. ज्यांचे एफयूटी-२ काम करत नाही त्यांना त्याच्या नेहमीच्या प्रकारांची लागण सहसा होत नाही.

धोका आहे तो फक्त रक्त घ्यायची वेळ आली की. मुंबई-गोवा रस्त्यावर कोलाडजवळ अपघात झाला आणि जखमीच्या खिशात 'ओ' लिहिलेले कार्ड निघाले, तर ते कार्ड शाळेतल्या शिबिरात फक्त दोन द्रवांवर केलेल्या तपासणीचे असू शकते. त्या तपासणीत 'ओ' आणि 'बॉम्बे' वेगळे दिसत नाहीत. 'बॉम्बे' माणसाला 'ओ' रक्त दिले तर त्याच्यातील 'एच'-विरोधी प्रतिपिंडे त्या पेशी फोडतात आणि जीव जाऊ शकतो. रक्तपेढीत हे कळते ते उलट्या तपासणीत : रुग्णाचा रक्तद्रव घेऊन त्यात माहीत असलेल्या 'ए', 'बी' आणि 'ओ' पेशी मिसळतात. 'ओ' पेशींच्याही गुठळ्या झाल्या की तंत्रज्ञ थांबतो आणि 'एच' ओळखणाऱ्या वनस्पतिजन्य प्रथिनाने रुग्णाच्या पेशी तपासतो. रक्त देण्याआधीच्या जुळणीतही हीच गुठळी दिसते; म्हणून कार्डावर काहीही लिहिलेले असो, जुळणी टाळता येत नाही.

दाता शोधायचा तो दुसरा 'बॉम्बे' माणूसच. घरात पहिल्यांदा भावंडांची तपासणी करतात, कारण सख्ख्या भावंडात हा गट असण्याची शक्यता चारात एक असते, बाहेर हजारोंत एक. तांबड्या पेशींची पिशवी साध्या शीतपेटीत पाच-सहा आठवडे टिकते. ग्लिसरॉल मिसळून उणे ६५ अंश सेल्सिअसखाली गोठवली तर दहा वर्षे. दुर्मीळ गटाच्या दात्यांची यादी ठेवण्याचे आणि अशा नमुन्यांची खात्री करण्याचे काम परळच्या ज्या संस्थेत चालते ती के. ई. एम. च्याच आवारात आहे.